काट्यावर कोण बसलंय?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडतीचं (शेतमाल विकून देण्याच्या दलालीचं) दुकान चालवणारे ३६ वर्षांचे गृहस्थ लिहितात. वडील माळकरी, पंचक्रोशीत त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. चाळीस वर्षं आडत केली, पण मापात कधी छटाकभर इकडंतिकडं केलं नाही. ‘आपल्या काट्यावर पांडुरंग बसलाय’ हे त्यांचं बोलणं मोंढ्यात सगळ्यांना पाठ आहे. पत्रलेखकाचा देवावरचा विश्वास मात्र २०२१ मध्ये उडाला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांची आई गेली, तेव्हापासून.

दुकानात बावीस वर्षं हमाली करणारे एक गृहस्थ आहेत, पत्रलेखक त्यांना मामा म्हणतात. मामांचा पाण्याचा ग्लास वेगळा. तो माठाजवळ नसतो, शटरच्या आत कोनाड्यात पालथा ठेवलेला असतो. हा रिवाज अण्णांचा. दिवाळीच्या सुटीत पत्रलेखकाच्या सात वर्षांच्या मुलीनं मामांना घरच्या ग्लासात पाणी दिलं. अण्णा तिच्यावर रागावले. ‘कामून?’ असं तिनं विचारल्यावर म्हणाले, ‘आपल्यात तसंच असतं. मोठ्यांचं ऐकावं.’ रात्री अंथरुणात तिनं वडिलांना विचारलं, ‘आबा चुकले ना?’

पत्रलेखकाला उत्तर देता आलं नाही, कारण त्यांचं स्वतःचं एक गुपित आहे. गोदामाच्या कर्जाचे हप्ते सुरू झाले आणि २०२३ च्या दिवाळीपासून ते सोयाबीनला ओलाव्याची रीतसर घट धरून, वर क्विंटलमागे एक किलो जादा कडता लावतात, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचं वजन तेवढं कमी धरतात. अण्णांना हे माहीत नाही.

ते विचारतात : ‘अण्णा म्हणतात, देवाचं भेव गेलं की माणूस काहीबी करतं. माझ्या बाबतीत तेच खरं झालं का? पण त्यांच्या एवढ्या भक्तीतून त्यांना तो ग्लास कधी दिसला नाही. तुकोबांनी मनाला ग्वाही केलं. मीही केलं, तर माझं मन कडत्यालाच हो म्हणालं. मग माणसानं नीट वागायचं ते कशाच्या जोरावर? देवाच्या आज्ञेच्या, की स्वतःच्या बुद्धीच्या? आणि मुलीला काय सांगू?’

---

प्रिय भाऊ,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दुसऱ्याच्या चुकीबद्दल लिहिणारी पत्रं माझ्याकडे पुष्कळ येतात. त्याच कागदावर स्वतःची चूक, तीही किलोच्या हिशेबात, लिहिणारं पत्र फार दिवसांनी आलं. तुम्ही इतकं उघड लिहिलंत म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहिते. कुठे शब्द टोचला तर सांभाळून घ्या.

सुरुवात तुमच्या पहिल्याच वाक्यापासून करू. देव गेला म्हणून तुम्ही घसरलात, असं तुम्ही जवळजवळ मान्यच करून टाकलंय. पण तारखा तर तुम्हीच दिल्यात, त्या जरा शेजारी शेजारी ठेवून बघा. विश्वास गेला २०२१ मध्ये. कडता सुरू झाला २०२३ च्या दिवाळीत. म्हणजे मधली दोन वर्षं, दोन अख्खे हंगाम, काट्यावर कोणी बसलंय असं तुम्ही मानत नव्हतात आणि तरीही सरळ तोलत होतात. तुम्हाला बघणारं कोणी नव्हतं. तुमच्याच मनातून पांडुरंग उठून गेला होता. तरी हात हलला नाही. तो हलला गोदामाचा हप्ता आला तेव्हा. तेव्हा घसरण्याचं कारण देव्हाऱ्यात शोधू नका, बँकेच्या पासबुकात शोधा. नास्तिक झालो म्हणून लबाड झालो हे कारण सोयीचं असतं, कारण मग ‘माझा काय दोष, माझा देवच गेला’ असं म्हणता येतं. आणि हप्ता काय, माळ घातलेल्यालाही येतोच.

आता तुकोबांचं. ‘सत्य असत्यासी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता’ ही ओळ तुम्ही अर्धीच घेतलीत. कडता लावताना मनात काय चालतं, ते तुम्ही पत्रात लिहिलंय : बाकीचेही लावतात, शेतकरीसुद्धा माल भिजवून आणतो, एका किलोनं कोणी मरत नाही, आणि हप्ता काही थांबत नाही. यातलं पहिलंच कारण बहुमताचं आहे. जे तुकोबांनी मानायला नकार दिला, त्याच्याच आधारावर तुम्ही उभे राहिलात. आणि शब्दाकडेही बघा. ग्वाही म्हणजे साक्ष. तुकोबांनी मनाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं. तुम्ही त्याच मनाला वकिलाचा काळा कोट घातलात. वकील अशिलाच्या बाजूनं बोलणारच, त्याचं कामच ते. तुमच्या बुद्धीनं तुम्हाला फसवलं असं मला वाटत नाही. तुम्ही तिला विचारलंच नाहीत, निकाल आधी लावला आणि कारणं नंतर मागवलीत. साक्षीदार मात्र तुमच्या आत अजून आहे. मुलीच्या प्रश्नाला त्या रात्री गप्प बसलात ना, ते गप्प बसणं त्याचंच होतं.

आता अण्णांकडे येऊ. तुम्ही त्यांना ‘आज्ञेनं चालणारा माणूस’ म्हणता. मला ते तितकं सरळ वाटत नाही. शास्त्रात, रूढीत, कीर्तनात, महाराजांच्या सांगण्यात मिळून आज्ञा हजारो आहेत, त्यातल्या कित्येक एकमेकींच्या उलट आहेत. त्या सगळ्या पाळणारा माणूस अजून जन्मायचा आहे. अण्णांनी काही उचलल्या, काही सोडल्या. एकादशी उचलली. मापातला खरेपणा उचलला, आणि तो चाळीस वर्षं सांभाळणं ही लहान गोष्ट नव्हे. वेगळा ग्लासही उचलला. पण दिंडीत कोणाच्याही पायावर डोकं ठेवून ‘माउली’ म्हणायचं, हीसुद्धा त्याच परंपरेची शिकवण. ती त्यांनी पंढरपूरच्या वाटेपुरती ठेवली, मोंढ्यात आणली नाही. ही निवड त्यांनी केली. कदाचित बसून विचार करून केली नसेल, त्यांच्या वडिलांनी केली ती तशीच पुढे चालवली असेल. पण आज्ञा पाळायची की नाही आणि कोणती पाळायची, हे ठरवणारा माणूसच असतो. त्यामुळे ‘वरून तसं सांगितलंय’ म्हणून जबाबदारी वर पाठवता येत नाही. ती आपल्याच ओट्यावर राहते.

आज्ञेची किंमत आपल्या गोदाकाठानं बघितलेली आहे. आपेगाव तुमच्यापासून फार लांब नाही. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी धर्मसभेचा शब्द प्रमाण मानून देहांत प्रायश्चित्त घेतलं, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. संन्यास सोडून संसारात परत आले, हा त्यांचा अपराध. आज्ञा तंतोतंत पाळली गेली आणि चार लेकरं उघड्यावर पडली. ती लेकरं पैठणला शुद्धिपत्र मागायला गेली, ही कथा सांगताना कीर्तनकार रेड्यापाशी पोचायची घाई करतात. मला नेहमी वाटतं, त्या आधी थोडं थांबावं. आज्ञा देणाऱ्यांतला एक तरी जण त्या रात्री नीट झोपला असेल का, हे विचारावं.

हा प्रश्न नुसता आपल्याकडचा नाही. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये प्लेटोनं एका संवादात सॉक्रेटिसाच्या तोंडून तोच विचारला : जे पवित्र आहे ते पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं, की देवांना आवडतं म्हणून ते पवित्र ठरतं? सोप्या भाषेत, खोटं तोलणं पांडुरंगाला आवडत नाही म्हणून वाईट, की वाईटच आहे म्हणून पांडुरंगाला आवडत नाही? अण्णांना हे एकदा सहज विचारून बघा, वाद घालायला नव्हे. माझा अंदाज, ते म्हणतील, ‘वाईट आहे म्हणूनच त्याला आवडत नाही, एवढं कळत नाही का?’ त्यांनी तसं म्हटलं तर तुमच्या दोघांमधलं अंतर तुम्हाला वाटतं तेवढं उरलं नाही.

दोघं मिळून गीतेचे श्लोक मात्र एकमेकांवर फेकू नका. अठराव्या अध्यायाच्या ६३व्या श्लोकात कृष्ण अर्जुनाला म्हणतो, या सगळ्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. तीनच श्लोक पुढे, ६६व्यात, म्हणतो, सगळे धर्म सोड आणि मला एकट्याला शरण ये. तुम्ही पहिला म्हणाल, अण्णा दुसरा म्हणतील, आणि रात्रीचं जेवण गार होईल. ज्या ग्रंथात दोन्ही वाक्यं इतकी जवळ नांदतात, त्याचा दाखला देऊन कोणाला हरवता येत नसतं.

मला या सगळ्यात सर्वांत उपयोगी वाटतो तो बाबासाहेब आंबेडकरांनी केलेला भेद. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी एक भाषण लिहिलं. ते करण्याची वेळ मंडळानं येऊच दिली नाही, म्हणून त्यांनी ते छापलं. त्यात ते नियम आणि तत्त्व यांतला फरक सांगतात. नियम म्हणजे अमुक कर, अमुक करू नको, सवयीनं पाळायचं. तत्त्व म्हणजे समोरची गोष्ट तपासायचं साधन. तत्त्वाप्रमाणे वागणारा चुकू शकतो, पण आपण काय केलं याची जाणीव त्याला असते आणि जबाबदारीही त्याचीच असते. धर्म नियमांचा नुसता गठ्ठा झाला की ती जबाबदारी मरते, असं त्यांचं म्हणणं होतं. हे विधान धर्म नाकारणाऱ्याचं नाही. वीस वर्षांनी त्यांनी लाखो माणसांसह धम्म स्वीकारला. तुमच्या घराला हे लावून बघा. ‘खोटं तोलू नये’ हे अण्णांसाठी तत्त्व आहे, कारण ते का, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या घामाचं माप त्यांच्या हातात आहे. ‘मामांचा ग्लास वेगळा’ हा नुसता नियम. म्हणून सात वर्षांच्या पोरीनं ‘कामून?’ विचारल्यावर त्यांच्यापाशी उत्तर नव्हतं. एकाच माणसात दोन्ही शेजारी राहतात. आपल्या सगळ्यांतच राहतात.

अण्णा दर वर्षी नाथषष्ठीला पैठणला जातात, असं तुम्ही लिहिलंय. मग नाथांच्याच दोन कथा त्यांना आणि तुम्हालाही सांगते. तुम्ही दोघांनी त्या शंभरदा ऐकल्या असतील, पण एकापाठोपाठ ऐकल्या आहेत का, माहीत नाही.

पहिली देवगडच्या किल्ल्यावरची, म्हणजे आताच्या दौलताबादची. तरुण एकनाथ जनार्दनस्वामींकडे राहून त्यांचा हिशेब बघत. एके दिवशी ताळेबंदात एका पैची चूक लागेना. रात्रभर दिव्यापाशी बसून त्यांनी ती शोधली, आणि सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. गुरूंनी उठून बघितलं आणि म्हणाले, एका पैच्या चुकीचा एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडली तर केवढा होईल. दुसरी कथा पैठणच्या वाळवंटातली. भर उन्हात, तापलेल्या वाळूवर एका अस्पृश्य मानल्या गेलेल्या बाईचं लेकरू वाट चुकून रडत होतं. स्नानसंध्या करून आलेल्या नाथांनी ते उचलून कडेवर घेतलं, त्याचं नाक पुसलं आणि त्याच्या घरी नेऊन पोचवलं. विटाळाचा नियम त्यांना कोणापेक्षा कमी ठाऊक नव्हता, पंडित माणूस.

भाऊ, या दोन्ही कथा एकाच माणसाच्या आहेत. पैची चूक शोधणारा तोच, आणि वाळूतलं लेकरू उचलणाराही तोच. तुमच्या घरात मात्र वाटणी झाली. अण्णांकडे पै आली, तुमच्याकडे लेकरू आलं. त्यांचा हिशेब चोख आहे आणि ग्लास वेगळा. तुम्हाला ग्लास खटकतो आणि हिशेब वाकडा. आणि दोघंही आपापल्या वाट्याला आलेलं अर्धं दाखवून समोरच्याचं उरलेलं अर्धं खोटं ठरवताय.

हे अर्धं कसं झालं, याचं उत्तर मला तुमच्या पत्रातच सापडलं. पाच पानांचं पत्र आहे. अण्णांची वाक्यं आहेत, मुलीची आहेत, तुकोबांचं आहे, तुमच्या मनातले सगळे वाद आहेत. मामांचं एकही वाक्य नाही. बावीस वर्षं ज्यांच्या पाठीवरून तुमचं सोयाबीन, तूर, हरभरा गोदामात गेला, त्यांना त्या ग्लासाबद्दल काय वाटतं, तुम्ही कधी विचारलंत का? आणि ज्यांच्या मालातून किलो गेला, त्या शेतकऱ्यांपैकीही कोणी पत्रात नाही. तुम्ही बाप-लेक देव की बुद्धी यावर भांडताय, आणि ज्याच्यामुळे हा प्रश्न उभा राहिला तो तिसरा माणूस दोघांच्या मध्ये उभा राहून दिसेनासा झालाय.

मला हे कळायला फार वर्षं लागली, म्हणून सांगते. माझं आजोळ गोदाकाठचं. आजीचं सोवळं इतकं कडक, की आम्हा नातवंडांनाही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबावं लागे. १९७२ च्या दुष्काळात गावातल्या विहिरी आटल्या. वाड्यातल्या आडाला तेवढं पाणी होतं. एका दुपारी दारात एक बाई रिकामी घागर आणि काखेत तापलेलं लेकरू घेऊन उभी राहिली. आजीनं तिच्याकडे बघितलं आणि काही न बोलता दिंडीदरवाजा पूर्ण उघडला. त्या उन्हाळ्यात कोणी कोणत्या वस्तीतून आलंय, हे तिनं विचारलं नाही. कोणत्या पोथीत बघून तिनं दार उघडलं नाही, आणि शाळेची पायरीही न चढलेली ती बाई, समतेवर तिनं काही वाचलेलंही नव्हतं. तिला समोरची तहान दिसली. पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि दार पुन्हा बंद झालं. आम्ही घरातल्या कोणीही विचारलं नाही, का बंद केलंस. मी तेव्हा आठ वर्षांची होते. तुमच्या मुलीनं एक वर्ष आधीच विचारलं, माझ्याच्यानं ते झालं नाही. आजी गेली, आता विचारायला कोणी नाही.

म्हणून तुमच्या मुख्य प्रश्नाला माझं उत्तर असं. नीतीची सुरुवात मला समोरच्या माणसाचं दुःख दिसण्यात वाटते. बुद्धीचं काम, जे आज दारात दिसलं ते उद्या दाराबाहेरही आहे हे लक्षात ठेवायचं, पाऊस पडल्यावरही. श्रद्धेचं काम, हप्त्याच्या रात्री हात थरथरला तर त्याला धरून ठेवायचं. मी स्वतः रोज देवापुढे दिवा लावते, तरी म्हणते, श्रद्धा नसलेल्या माणसालाही असा धरून ठेवणारा हात मिळू शकतो. शब्दाला जागणारा मित्र, घरातल्यांना दिलेलं वचन, उघडी ठेवलेली हिशेबवही. पण बुद्धी आणि श्रद्धा, दोन्हींना एकच परीक्षा द्यावी लागते : ज्याच्यावर हे बेतणार आहे, त्याच्या तोंडावर हे सांगता येईल का? जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटनं १७९५ मध्ये असंच लिहून ठेवलंय, की दुसऱ्याच्या हक्काला भिडणारी जी कृती जाहीर केली तर टिकणार नाही, ती अन्याय्य. तुमच्या भाषेत सांगायचं तर, ‘जादा कडता १ किलो’ हे शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीवर छापाल का? आणि अण्णा तो ग्लास मामांच्या हातात देताना कारण मोठ्यानं बोलतील का?

आता करायचं काय. ग्लासापासून सुरुवात करावी असं तुम्हाला वाटत असणार, कारण ती अण्णांची चूक आहे. मी म्हणते, काट्यापासून करा. उद्याच्या सौद्यापासून तो किलो बंद. ‘हळूहळू कमी करतो’ हे नको, मनातला वकील तेवढ्यात पुन्हा उभा राहील. वैधमापन विभागाकडून काट्याची पडताळणी करून ताजा शिक्का मारून घ्या. ओलावा मशीनवर शेतकऱ्यासमोर मोजा, बारा टक्क्यांच्या वर जेवढा निघेल तेवढीच घट धरा, आणि ती पट्टीवर वेगळ्या ओळीत लिहा.

मग वह्या काढा. दोन हंगामांत कोणाचा किती माल आला, हे तुमच्याकडे लिहिलेलं आहेच. दोन एकरांतून १२ क्विंटल आणणाऱ्याचे १२ किलो गेले. २०२४-२५ च्या हमीभावानं, म्हणजे क्विंटलला ४,८९२ रुपयांनी, ते ५८७ रुपये होतात. मोंढ्यात तेवढा भाव मिळाला नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, म्हणून ५०० धरा. तुम्हाला तो एक किलो वाटला होता. तिकडे ते एका बाईच्या दीड-दोन दिवसांच्या खुरपणीचे पैसे आहेत. एकदम परत करणं जमणार नसेल, तर पुढच्या हंगामात प्रत्येकाच्या पट्टीत तेवढी रक्कम जमा दाखवा आणि विचारल्यावर खरं सांगा. मोंढ्यात बोभाटा होईल, काही माल दुसऱ्या दुकानी जाईल. तो खर्च तुमच्या कर्जाच्या हिशेबात धरा, आणि बँकेत जाऊन हप्ते लांबवून मिळतात का, ते आताच विचारा. २०२३ मध्येच विचारायला हवं होतं. पत्नीला हे सगळं आधी सांगा, घरखर्चाला कात्री लागणार ती दोघांच्या संमतीनं लागू द्या.

त्यानंतर अण्णा. त्यांना कडत्याचं तुम्ही स्वतः सांगायचं, दुसऱ्याकडून कळण्याआधी. त्यांना जबर लागेल. चाळीस वर्षांचा काटा आहे तो. त्या दिवशी ग्लासाचा विषय काढू नका. ‘मी चुकलो, पण तुम्हीही...’ असं वाक्य तोंडातून निघालं, तर कबुली तिथेच संपली आणि सौदा सुरू झाला. तुमची चूक त्यांच्या पायाशी एकटी ठेवा. काही दिवस जाऊ द्या.

मामांशी बोलायचं ते एकट्यात, दुकान बंद झाल्यावर, आणि ऐकण्यासाठी. त्यांच्यावर उपकार करायचा आव नको, माफी मागायची असेल तर दोन शब्दांत मागा. ते कदाचित म्हणतील, ‘राहू द्या मालक, आता या वयात कशाला.’ त्यांची रोजी तुमच्या हातात आहे, त्यामुळे या ‘राहू द्या’ला पूर्ण संमती समजू नका. ग्लास तरीही जायला हवा, कारण तो तुमच्या दुकानात आहे आणि घटनेच्या १७व्या कलमानं अस्पृश्यता कोणत्याही रूपात पाळायला मनाई केली आहे. आवडीनिवडीचा हा विषयच नाही. मामांना विचारायचं ते एवढ्यासाठी, की हे कसं झालेलं त्यांना चालेल. चारचौघांत त्यांच्या हातात नवा ग्लास देऊन टाळ्या घेणं, फोटो काढणं, अण्णांसमोर मुद्दाम त्यांना पाणी पाजणं, यातलं काही करू नका. बाप-लेकाच्या लढाईत त्यांच्या पाठीवर आणखी एक पोतं नको. एका सकाळी माठाजवळ दहा सारखे ग्लास ठेवा, कोनाडा रिकामा करा, आणि माठातून आधी तुम्ही प्या. आपल्या हमालांची संघटना बांधणाऱ्या बाबा आढावांनी १९७०च्या दशकात ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत गावोगाव फिरून हेच सांगितलं. पन्नास वर्षं झाली, आपण अजून एका दुकानाच्या माठापाशी अडलोय, याचं मला वाईट वाटतं.

अण्णा चिडले तर एक भेद शांतपणे सांगा, आणि तो फक्त तुमच्या घरासाठी नाही. मला अशी पत्रं वेगवेगळ्या धर्मांच्या घरांतून येतात. कोणाची सून गरोदरपणात निर्जळी उपासाला बसवली जाते, कोणाला बहिणीचा वारसाहक्क ‘आपल्यात देत नाहीत’ म्हणून मारायला सांगितला जातो. सगळ्यांना मी एवढंच विचारते : हा नियम तुम्ही स्वतःला लावताय की दुसऱ्यावर लादताय? अण्णांची एकादशी, माळ, त्यांचं देवघर, त्यांच्या ताटातलं शाकाहारी जेवण, हे सगळं त्यांचं आहे. त्याला नख लावू नका, टोमणाही मारू नका. त्यांना त्या माठातलं पाणी प्यायचं नसेल तर ते घरून तांब्या आणू शकतात, त्यांच्यासाठी. पण दुसऱ्या माणसाला खाली बसवल्याशिवाय जो नियम पाळलाच जात नाही, तो त्यांचा खाजगी नियम नाही. दुकान आता तुम्ही चालवता, तेव्हा तिथे नाही म्हणायचं काम तुमचंच.

ते लगेच बदलतील अशी आशा मी तुम्हाला देत नाही. काही माणसं सत्तरीत बदललेली मी बघितली आहेत, काही नाही. फाल्गुनात ते पैठणला निघतील तेव्हा यंदा त्यांच्यासोबत जा. विश्वास नसला तरी जा, मुलीलाही न्या. गोदावरीच्या पात्रात उतरलात की लेकराची गोष्ट तिला सांगायला अण्णांनाच सांगा. तुम्ही मध्ये बोलू नका. ती ‘कामून?’ विचारणारी पोरगी आहे, पुढचं ती बघेल.

मुलीला आज काय सांगायचं, ते राहिलंच. लहान लेकराला आधी नियमच लागतात, पाढे लागतात तसे. सातव्या वर्षी ‘खोटं बोलू नको’ एवढं पुरतं. पण तिनं कारण विचारलं, म्हणजे ती पाढ्यांच्या पुढे आली आहे, तेव्हा तिला ‘मोठ्यांचं ऐकावं’ म्हणून मागे पाठवू नका. आज रात्रीच सांगा, फार शब्द नकोत. ‘हो, आबा चुकले. तू मामांना पाणी दिलंस ते बरोबर केलंस. आबांचं तुझ्यावर प्रेम आहे, आणि तरीही ते चुकले. मीही दुकानात एक चूक केली, लोकांच्या मालातलं थोडं घेतलं. ते मी परत देणार आहे.’ ती विचारील, किती घेतलं. तेव्हा खरा आकडा सांगता यावा, म्हणून वह्या त्याआधी काढून ठेवा.

तुमची,
ताई